सहा वाकनीस

स्वतःच्या घराशेजारच्या गॅरेजात, सुट्टीच्या दिवसांतून आणि रात्रीच्या जेवणानंतरच्या फुरसतीतून एक संपूर्ण मोटारगाडी स्वहस्ते उभी करणाऱ्या इंग्रज गृहस्थांचा कार्यक्रम जो कोणी काही काळ जवळून पाहील, त्याच्या ध्यानात एक गोष्ट आल्यावाचून राहणार नाही. ती ही की, ज्यांच्यामुळे गाडी चालते, वळते आणि थांबते ती इंजिन, स्टिअरिंग आणि ब्रेक ही मातब्बर मंडळी तुलनेने अल्प काळात व अल्प वादात आपापल्या जागी रुजू होतात, आणि ज्याच्यामुळे गाडीच्या गतीत ताशी एका मैलाचीही भर पडत नाही असा जो समोरचा डॅशबोर्ड, त्याच्यावर मीटर बसविण्याचे काम मात्र जुन्या वतनाच्या दाव्याप्रमाणे तारखांवर तारखा खात रेंगाळत राहते.

याचे कारण उघड आहे. इंजिनाची जागा सांगाड्याने ठरवून दिलेली असते, ब्रेकच्या नळीला स्वतःचे असे मत नसते, आणि मागचा आस पुढे बसवून पाहावा असे कोणाच्याही मनात येत नाही. डॅशबोर्ड ही एवढी एकच जागा अशी की जिथे पदार्थविज्ञानाचे हुकूम थांबतात आणि अभिरुचीचा अंमल सुरू होतो; आणि अभिरुचीच्या कचेरीत एखाद्या प्रकरणाचा निकाल मुदतीत लागल्याचे निदान माझ्या ऐकिवात नाही. शिवाय गाडीचे बाह्य सौंदर्य पाहण्याचा लाभ रस्त्यावरच्या परक्या लोकांना होतो. जो तिच्यात बसतो त्याला बॉनेटचा थोडासा भाग सोडल्यास उर्वरित आयुष्य ह्या फळीकडेच पाहात काढायचे असते.

या छंदाला इंग्लंडात मोठी परंपरा आहे, आणि त्या परंपरेच्या मुळाशी, या देशातील पुष्कळशा उदात्त गोष्टींच्या मुळाशी असतो त्याप्रमाणे, कर न भरण्याचा एक कायदेशीर मार्ग आहे. महायुद्धानंतरच्या काळात तयार मोटारीवर सरकार 'पर्चेस टॅक्स' वसूल करी, सुट्या भागांवर मात्र तो लागू नसे. म्हणजे मोटार विकत घेणारा मनुष्य चैनी ठरून कर भरी, आणि तीच मोटार पेट्यांतून घरी आणून जोडणारा मनुष्य कारागीर ठरून करमुक्त होई. कॉलिन चॅपमन यांच्या लोटस कंपनीने १९५७ साली 'सेव्हन' नावाची जी चिमुकली, बुटकी आणि उन्हापावसाविषयी पूर्ण उदासीन अशी गाडी काढली, तिच्या लोकप्रियतेत या सवलतीचा वाटा मोठा होता. पेट्यांबरोबर जोडणीच्या सूचना दिल्यास सवलत जाईल, म्हणून कंपनी गाडी सुटी कशी करावी याच्या सूचना देई आणि त्या शेवटून पहिल्यापर्यंत वाचण्याचे काम गिऱ्हाइकाकडे सोपवी, अशी एक आख्यायिका या पंथात श्रद्धेने सांगितली जाते. ती सर्वस्वी खरी आहे की नाही याची खातरजमा करण्याच्या भरीस मी पडलेलो नाही, कारण ज्या देशात ती खरी वाटू शकते त्या देशाविषयी तिने सांगायचे ते सांगितलेलेच आहे. १९७३ साली व्हॅट आला आणि सवलत बुडाली. त्याच वर्षी 'सेव्हन'चे हक्कही कॅटरहॅमच्या व्यापाऱ्यांकडे गेले. पण सवलत गेली तरी व्यसन राहिले. पुढे १९९६ साली रॉन चॅम्पियन या गृहस्थांनी, भंगारात निघालेल्या फोर्ड एस्कॉर्टचे अवयव काढून अवघ्या अडीचशे पौंडांत अशीच स्पोर्ट्‌स मोटार कशी बांधावी हे शिकविणारा ग्रंथ लिहिला, आणि तेव्हापासून या बेटावरील किती भोजनगृहांच्या मेजांवर गिअरबॉक्स उघडून ठेवले गेले असतील, याची गणती गृहिणींनीच करावी. आज नव्या कोऱ्या सहा मीटरांचा संच घ्यायचा म्हटले तरी ते अडीचशे पौंड तेवढ्यातच आटोपतात, ही गोष्ट निराळी.

मी राहतो त्या मिडलंड्‌समधील गावात माझे शेजारी हे या पंथातील एक निष्ठावंत अनुयायी होत. एका नगरपालिकेत हिशेबतपासनीस म्हणून त्यांची हयात गेली. जमेची बाजू आणि खर्चाची बाजू एकमेकींशी जुळल्याखेरीज त्यांना झोप लागत नसे, आणि निवृत्तीनंतर तपासायला हिशेब न उरल्यामुळे त्यांनी मोटार बांधावयास घेतली असावी, असा माझा तर्क आहे. या गाडीचा प्रत्येक नट त्यांनी स्वतः आवळलेला, इंजिनातील प्रत्येक पिस्टन त्यांनी स्वतः पुसून आत सोडलेला. तिच्या प्रकृतीविषयी त्यांना ठाऊक नाही असे या भूतलावर दुसऱ्या कोणालाही ठाऊक असण्याचा संभव नाही. आणि तरीही त्या गाडीच्या पोटात क्षणोक्षणी काय चालले आहे, याविषयी लेखी नव्हे तरी काटेकोर निवेदन मिळाल्यावाचून तिच्यावर विश्वास ठेवणे त्यांना अशक्य होते. शिवछत्रपतींच्या अष्टप्रधानांत वाकनीस म्हणून एक मानकरी असे, आणि राजाच्या दिनचर्येची टिपणे व बातमीचा कारभार त्याच्याकडे असे. महाराजांचे एका वाकनिसावर भागले. माझ्या शेजाऱ्यांना सहा हवे होते. वेग सांगणारा एक, इंजिनाचे फेरे मोजणारा एक, तेलाचा दाब, पाण्याची उष्णता, टाकीतील पेट्रोल आणि बॅटरीचा व्होल्टेज सांगणारे प्रत्येकी एक.

पहिला प्रश्न मानापानाचा. पुठ्ठ्याचा एक डॅशबोर्ड कापण्यात आला, कर्कटकाने कागदाची सहा वर्तुळे काढण्यात आली, आणि शेजारी चारही चाके नसलेल्या त्या सांगाड्यात स्टिअरिंग धरून गंभीर मुद्रेने बसले असता, मी ती वर्तुळे टाचणीने इकडून तिकडे हलवीत राहावे असे ठरले. बाहेरून पाहता ज्या रचना अत्यंत शोभिवंत दिसत, त्या आत बसल्यावर स्टिअरिंगच्या चाकाआड अंतर्धान पावत. कारण या जातीची गाडी इतकी अरुंद असते की चाक आणि चालक यांच्यापलीकडे तिच्यात जागा म्हणून जी उरते ती केवळ औपचारिक होय. वर्तुळे चाकाच्या आऱ्यांमधून नेमकी दिसतील अशी एक व्यवस्था महत्प्रयासाने सापडली, तोच त्यांच्या पत्नी चहा घेऊन आल्या आणि सहज म्हणून आसनावर बसल्या. त्या उंचीने कमी. त्यांना वेगमापकाचे तिसापर्यंतचेच आकडे दिसले. "मला एवढे पुरेत," असे त्या म्हणाल्या. त्यावर शेजाऱ्यांनी काही उत्तर न देता टाचण्या काढून घेतल्या.

दुसरा वाद वडीलकीचा. चालकाच्या थेट समोर बसण्याचा अधिकार वेगमापकाचा की टॅकोमीटरचा? सर्वसामान्य मनुष्य वेगमापकाच्या बाजूने कौल देईल. पण या पंथात तसे म्हणणे अडाणीपणाचे समजले जाते. वेगमापक हा सरकारचा माणूस आहे. तो कायद्यासाठी नेमलेला. टॅकोमीटर हा आपला माणूस. इंजिन मिनिटाला किती फेरे घेत आहे आणि गिअर कधी बदलावा, हे तो सांगतो, आणि शर्यतीच्या गाड्यांत समोरचा मान त्याचाच असतो. शर्यतवाल्यांची आणखी एक चाल अशी की, मीटर त्याच्या भोकात फिरवून असा तिरपा बसवायचा की इंजिन ऐन जोरात असता काटा सरळ वर उभा राहावा. म्हणजे आकडा वाचण्याची तसदी न घेता, डोळ्याच्या कोपऱ्यातूनही, सर्व काही यथास्थित आहे हे कळते. युक्ती खरोखरच नामी आहे, आणि शेजाऱ्यांना ती इतकी पसंत पडली की त्यांनी ती सहाही मीटरांना लागू केली. सर्व काटे बारा वाजल्यासारखे उभे राहिले की गाडी खुशाल. हे साधण्यासाठी कोणाचा शून्य डावीकडे, कोणाचा खाली, तर तेलाच्या दाबाचा जवळजवळ पाताळात गेला, आणि ती फळी अशी दिसू लागली की सहा जणांनी एकाच वेळी निरनिराळ्या दिशांना माना कलवून कोणाचे तरी बोलणे ऐकत बसावे. पेट्रोलच्या काट्याच्या बाबतीत यथास्थित म्हणजे किती, यावर मात्र एक संपूर्ण रविवार खर्ची पडला.

फळी कशाची करावी याविषयी मतभेद होतेच. एक पक्ष अक्रोडाच्या लाकडाचा. चकचकीत पॉलिश केलेली, गाठीगाठींची फळी म्हणजे इंग्रजी खानदानीपणाची सनदच, असे या पक्षाचे म्हणणे. दुसरा पक्ष उघड्या ॲल्युमिनियमचा. जुन्या बुगाटी शर्यतगाड्यांच्या पत्र्यावर फिरत्या बोळ्याने घासून एकात एक गुंतलेल्या चकत्यांची जी नक्षी उठविलेली असे, तिच्यावर हा पक्ष मोहित झालेला. शेजाऱ्यांनी ॲल्युमिनियम घेतले, कारण ते पट्टीने मोजता येते आणि फुगत नाही.

आता प्रत्यक्ष भोके पाडण्याचे काम. लहान मीटरांची भोके बावन्न मिलिमीटरांची, मोठ्या दोघांची ऐंशीची. ड्रिलला गोल करवत लावून ती पाडतात, आणि या कामातील सर्व भीती एका साध्या वस्तुस्थितीत साठलेली आहे. भोक लहान पडले तर अर्धगोल कानशीने घासून मोठे करता येते, परंतु मोठे पडले तर या जगात असा कारागीर नाही की जो ते लहान करून देईल. त्यातून मीटरला बाहेरून जी चकाकती कड असते ती भोकापेक्षा रुंद असल्यामुळे, दोन भोकांमध्ये पुरेसे अंतर राखल्याच्या समाधानात असलेल्या मनुष्याला दोन्ही मीटर बसविण्याच्या वेळी असे आढळते की त्यांच्या कडा एकमेकींवर चढत आहेत. शेजारी याबाबतीत सावध होते. कडेसकट माप घेऊन, पंचाने मध्यबिंदू ठोकून, एकेक भोक त्यांनी अशा मंद गतीने पाडले की करवतीच्या आवाजाने त्रस्त होऊन गेलेली आळीतील मांजरे पुढील भोकाच्या आधी परत येत. सहाही भोके निर्दोष उतरली. मग वेगमापक आत सरकविला, आणि तो अर्ध्यावर अडला. समोरची बाजू मिलिमीटरपर्यंत मोजणाऱ्या त्या तपासनिसांनी मागची बाजू मोजलेली नव्हती, आणि वेगमापकाच्या लांब शेपटीच्या वाटेत सांगाड्याची एक लोखंडी नळी आडवी उभी होती. नळी कापली तर गाडीची ताकद जाते. मीटर कापता येत नाही. सबब फळीच दोन बोटे पुढे आणावी लागली, आणि तेवढ्या प्रमाणात चालकाचे गुडघे मागे गेले.

एकदा मीटर भोकात बसला की त्याच्या पाठीमागे घोड्याच्या नालासारखा एक पत्र्याचा क्लॅम्प घालून दोन नखुरडे नट हाताने पिळायचे असतात. हे वाक्य जितके लहान आहे तितके काम लहान नाही. डॅशबोर्डाखाली उताणे निजून, विजेरी दातांत धरून, डोळ्यांत पत्र्याचा भुसा पडत असता, न दिसणाऱ्या आट्यांवर न दिसणारा नट चढवणे ही हठयोगातील एक क्रिया समजण्यास हरकत नाही. आणि तो नट हातातून निसटला की गाडीच्या अशा एखाद्या पोकळीत जातो जी तोपर्यंत अस्तित्वात आहे हे तिच्या जन्मदात्यालाही ठाऊक नसते.

या वाकनिसांची कुळे पाहू गेल्यास ती मोठी मनोरंजक आहेत. तेलाच्या दाबाचे मीटर हे त्यांतील सर्वांत प्राचीन आणि सर्वांत सरळ. युजीन बुर्दाँ या फ्रेंच कारागिराने १८४९ साली पाहिले की, चपटी व वाकवलेली बंद नळी आतून दाब आला की सरळ होऊ पाहते. त्या धडपडीला काटा जोडला की झाले मीटर. या घराण्यात वीज नाही, तार नाही. इंजिनातील साक्षात तापलेले तेल एका बारीक नळीतून चालकाच्या पुढ्यात येऊन आपली हकीकत सांगते. बातमी इतकी ताजी की सांधा जरा सैल राहिला तर ती मांडीवर पडते.

वेगमापकाची कथा याहून निराळी. स्ट्रासबुर्गच्या ओटो शुल्झे याने १९०२ साली त्याचे पेटंट घेतले. गिअरबॉक्सपासून एक पिळदार केबल येते आणि मीटरात एक लोहचुंबक फिरवते. चुंबकाभोवती ॲल्युमिनियमची एक वाटी, त्याला न शिवता, असते. फिरत्या चुंबकामुळे वाटीत विजेचे भोवरे उठतात, तिलाही फिरावेसे वाटते, आणि केसाएवढी एक स्प्रिंग तिला मागे ओढते. या दोघींच्या ओढाताणीत काटा जिथे थांबेल तो आपला वेग. लंडनच्या स्मिथ या घड्याळजींच्या पेढीने विसाव्या शतकाच्या आरंभी सातव्या एडवर्ड राजाच्या मोटारीला वेगमापक बसवून दिला, आणि पुढे अर्ध्याअधिक इंग्रजी मोटारींच्या डॅशबोर्डांवर त्यांचेच नाव दिसू लागले. पण या मीटरचा खरा विशेष यंत्रात नसून कायद्यात आहे. संयुक्त राष्ट्रांच्या ज्या एकोणचाळिसाव्या नियमावलीप्रमाणे आज वेगमापक पारखले जातात, तिचे फर्मान असे की, वेगमापकाने खऱ्या वेगाहून कमी वेग कदापि दाखवू नये. जास्त दाखविल्यास मात्र दहा टक्के अधिक ताशी चार किलोमीटर इथपर्यंत क्षमा आहे. म्हणजे गाडी ताशी शंभर किलोमीटरने धावत असता काट्याने एकशे चौदा म्हटले तरी तो प्रामाणिक. नव्व्याण्णव म्हटले की गुन्हेगार. असत्य भाषणाची दिशा आणि मर्यादा अशा रीतीने कायद्याने ठरवून दिलेला दुसरा सेवक मला ठाऊक नाही. शेजाऱ्यांचा मीटर जुना. त्याच्या तबकडीवर बारीक अक्षरांत एक आकडा छापलेला, तो एका मैलात केबलने किती फेरे घ्यावेत ते सांगतो. टायर बदलले किंवा मागच्या आसाचे दाते बदलले की हा आकडा आणि वस्तुस्थिती यांची फारकत होते. शेजाऱ्यांनी टायरही बदलले होते आणि आसही. त्यांनी गणित मांडले, आणि वेगमापक कायदेशीर बाजूनेच खोटे बोलतो असे निष्पन्न झाल्यावर ते समाधानाने जेवावयास गेले.

टॅकोमीटर सहा सिलिंडरांच्या एका मृत गाडीतून आणलेला असल्यामुळे प्रत्येक फेऱ्यास तीन ठिणग्यांची अपेक्षा धरून बसला होता, आणि चार सिलिंडरांचे इंजिन त्याला दोनच देई. परिणामी तो इंजिनाच्या कर्तृत्वाचा एकतृतीयांश भाग नेमाने दडपून सांगे. तो दुरुस्तीस गेला.

परंतु खरा कहर केला तो पेट्रोलच्या मीटरने. हँपशरमधील ब्यूली येथे दर सप्टेंबरात मोटारींच्या जुन्या सुट्या भागांचा जो अफाट बाजार भरतो, तेथून शेजाऱ्यांनी एक देखणा इंग्रजी मीटर पैदा केला होता. टाकी मात्र भंगारातून आलेली, आणि तिच्यातील तरंगता फ्लोट जर्मन वळणाचा. या दोन राष्ट्रांत रिकामेपणाविषयी मूलभूत मतभेद आहे. टाकी रिकामी झाली की इंग्रजी फ्लोटचा विद्युत्‌रोध वाढून अडीचशे ओहमच्या आसपास जातो आणि भरली की तिसाच्या आसपास उतरतो. जर्मन फ्लोट रिकाम्या टाकीला दहा आणि भरलेल्या टाकीला एकशे ऐंशी ओहम दाखवतो. त्यामुळे टाकीत थेंब नसता शेजाऱ्यांचा काटा पूर्णाच्या खुणेपलीकडे जाऊन भिंतीला टेकला, आणि त्यांनी डबा ओतून टाकी भरत आणली तसतसा तो खचत खचत जाऊन रिकाम्याच्या शेजारी बसला. मी असे सुचविले की, मीटर बोलतो त्याच्या उलट समजून चालावे. माणसांच्या बाबतीत आपण असे नेहमीच करतो. ज्याने चाळीस वर्षे जमेची रक्कम जमेकडे आणि खर्चाची खर्चाकडे मांडली त्याच्या चेहऱ्यावर हे ऐकून जे भाव उमटले, ते पाहून मी विषय बदलला. फ्लोट बदलला गेला.

आमच्या घाटावर, माझ्या लहानपणी, मालमोटारी चालविणाऱ्या मंडळींना हा प्रश्न पडला असता तर त्यांनी हसून तंबाखू मळली असती. त्यांच्या गाड्यांतील बहुतेक काटे शून्यावर कायमचे निजलेले असत, आणि पेट्रोल किती आहे हे पाहावयाचे झाल्यास टाकीत एक वेताची काठी बुडवून ती किती भिजली ते बघत. इंजिनाची उष्णता त्यांना वासावरून कळे, तेलाचा दाब आवाजावरून, आणि वेग हा तर मागे बसलेल्या उतारूंच्या देवाच्या धाव्यावरूनच समजे. त्यांना वाकनीस नव्हते, तशी विवंचनाही नव्हती. गाडी बंद पडेपर्यंत ती उत्तम चालली आहे, अशी त्यांची साधी समजूत असे. माझ्या शेजाऱ्यांच्या मनःस्वास्थ्याचा ऱ्हास मी पाहिला तो याच्या नेमका उलट क्रमाने, म्हणजे एकेक मीटर चालू होत गेला तसा.

कारण बहुतेक मीटर चालू होण्यासाठी त्यांना तारा लागतात. इंग्रजी मोटारीत तारांच्या रंगांचा एक पक्का संकेत आहे. तपकिरी म्हणजे थेट बॅटरीची, पांढरी किल्ली फिरविल्यावर जागी होणारी, हिरवी फ्यूजमधून येणारी, लाल-पांढरी तबकड्यांच्या दिव्यांची, आणि काळी म्हणजे अर्थिंगची. शेजाऱ्यांनी प्रत्येक तारेला चिठ्ठी बांधली, वहीत नकाशा काढला, त्याची नक्कल दुसऱ्या वहीत उतरवली. सर्व जोडून किल्ली फिरविली आणि सर्व काटे आपापल्या जागी डुलत उभे राहिले. तो क्षण खरोखर राज्याभिषेकाचा होता. मग त्यांनी हेडलाइट लावले. पाण्याची उष्णता, इंजिन बंद असता, एकदम वर चढली. उजवीकडे वळण्याचा दिवा लावला, तर पेट्रोलचा काटा त्या दिव्याच्या तालावर नाचू लागला. शेजाऱ्यांनी दिवे मालविले, उष्णता उतरली. पुन्हा लावले, पुन्हा चढली. दिव्याने पाणी तापत नाही हे त्यांना आणि मला दोघांनाही मान्य होते, तरीही आम्ही बॉनेट उघडून रेडिएटरला हात लावून पाहिला.

दोष काळ्या तारेचा होता. परतीच्या प्रवाहाला हक्काची वाट सापडली नाही की तो शेजाऱ्याच्या दारातून जातो. दिव्यांचा प्रवाह मीटरांतून आणि मीटरांचा दिव्यांतून वाट काढू लागला की प्रत्येक वाकनीस दुसऱ्याची बातमी आपली म्हणून सांगू लागतो. यात भर म्हणजे जुन्या इंग्रजी मीटरांना बारा व्होल्ट सोसत नाहीत. मध्ये एक लहानशी डबी बसवून त्यांना सरासरी दहाच व्होल्ट पुरवावे लागतात, आणि ही डबीही अर्थिंगवाचून काम करीत नाही. तिचा सांधा सुटला की पूर्ण बारा व्होल्ट आत शिरतात, आणि मग पेट्रोल व उष्णता दोन्ही एकाच वेळी वाढल्याचा सुखदुःखमिश्रित वृत्तान्त मिळतो. शेजाऱ्यांनी ती काळी तार सोडवून, रंग खरवडून उघड्या लोखंडावर आवळली आणि सहाही साक्षीदार एकदम शुद्धीवर आले. त्यानंतर कित्येक दिवस ते कोणत्याही विषयावरील चर्चेत, मग ती देशाच्या अर्थकारणाची असो की गावातील ग्रंथालय बंद होण्याची, थोडा वेळ ऐकून घेऊन "अर्थिंग नीट नसेल" असा अभिप्राय देत असत; आणि तो पुष्कळदा बरोबर वाटे.

गाडी रस्त्यावर आणण्यापूर्वी सरकारी तपासणी व्हावी लागते. २००९ पासून अशा एकट्यादुकट्या गाड्यांसाठी जी 'इंडिव्हिज्युअल व्हेइकल अप्रूव्हल' नावाची परीक्षा आहे, तीत तपासनीस एकशे पासष्ट मिलिमीटर व्यासाचा एक गोळा घेऊन येतो. हा गोळा म्हणजे मनुष्याचे डोके. अपघातात डोके जिथे जिथे आपटू शकेल तिथे तिथे तो टेकवून पाहायचा, आणि ज्या कडेला तो शिवेल ती कड निदान अडीच मिलिमीटर त्रिज्येने गोल केलेली असली पाहिजे. ज्या चकचकीत कडांसाठी आणि नाजूक खटक्यांसाठी शेजाऱ्यांनी इतके दिवस घालविले होते, त्यांतील पुष्कळशा या गोळ्याच्या दृष्टीने प्राणघातक ठरण्याजोग्या होत्या. यावर पंथात एक रूढ तोड आहे. परीक्षेपुरती सर्व कडांना काळ्या रबराची झालर चिकटवायची, आणि दाखला हातात पडला की घरी येऊन ती काढायची. हे शेजाऱ्यांना कोणी सांगितले तेव्हा ते संतापले. आयुष्यभर त्यांनी तपासणीच्या दिवसापुरती नीट केलेली दप्तरेच पकडली होती. त्यांनी झालर लावली ती कायमची. आता ती फळी काहीशी दुखवट्यात असल्यासारखी दिसते, परंतु डोके आपटण्यास अत्यंत सोयीची झालेली आहे.

गाडी पास झाली, आणि पहिल्या सफरीचा मान मला मिळाला. छप्पर नाही, दारे नाहीत, कानांत वाऱ्याचा कल्लोळ. जमीन इतकी जवळ की मध्येच हात खाली सोडला तर एखादे नाणे उचलून घेता यावे. शेजारी स्टिअरिंग धरून ताठ बसले होते आणि त्यांची नजर रस्ता सोडून सर्वत्र होती. "दाब पन्नास," ते म्हणत, "पाणी ऐंशी, व्होल्ट चौदाला किंचित कमी." सहाही काटे सरळ वर उभे होते, आणि त्यांची उभे राहण्याची चिकाटी पाहण्यात ते इतके रंगून गेले की समोर आलेल्या गोल चौकात उजवीकडून एक दूधवाल्याची गाडी शिरत आहे, ही बातमी मला ओरडून द्यावी लागली. त्यांनी माझे आभार मानले आणि पुढच्या चौकातही असेच लक्ष असू द्यावे अशी विनंती केली.

परतीच्या वाटेवर ते गप्प झाले. तेलाचा काटा पन्नासावरून पंचेचाळिसावर आला होता. तेल तापले की पातळ होते आणि दाब उतरतो, यात काही वावगे नाही, हे त्यांना माहीत होते. परंतु तेल तापले आहे याला पुरावा काय? दाब सांगणारा आहे, तापमान सांगणारा नाही. म्हणजे एका खात्याचा हिशेब दुसऱ्या खात्याशी ताडून पाहण्याची सोयच नाही. गॅरेजात पोहोचून इंजिन बंद होण्यापूर्वीच त्यांनी खिशातून पट्टी काढली होती. चालकाच्या बाजूला आता सुपारी ठेवण्याइतकी जागा उरलेली नसल्यामुळे, सातवे भोक उतारूच्या पुढ्यात, म्हणजे माझ्या गुडघ्यांच्या वर, पाडावयाचे ठरले आहे. काटा एकशे वीसच्या पुढे गेला तर त्यांच्या खांद्याला स्पर्श करायचा, आणि चौक जवळ आला असेल तर आधी चौक सांगून मग तेल सांगायचे, एवढे माझे काम त्यांनी मला समजावून दिले आहे.